'प्रभात'च्या गेटवर बसलेली हिरॉईन

बॉण्ड किती वर्षांचा? नोटीस पिरियड दोन महिन्यांचा की तीन? बेंचवर असताना पगार कापतात का? हिंजवडीत फेज वनपासून फेज थ्रीपर्यंत कुठल्याही टपरीवर चहा घेत दहा मिनिटं उभं राहा, यातला एक तरी प्रश्न कानावर पडतोच. आयटी पार्क आलं आणि त्याच्याबरोबर ही भानगड आली, असं आपल्याला वाटतं. शब्द नवे असतीलही, पण भांडण जुनं आहे. इथून वीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या एरंडवण्यात, एका नोकरदार बाईनं हे भांडण १९३९ मध्ये थेट कंपनीच्या गेटवर नेलं होतं. ही बाई त्या वेळी देशातली एक नामांकित सिनेनटी होती. कंपनीचं नाव प्रभात फिल्म कंपनी. बाईंचं नाव शांता आपटे.

आपल्या पिढीला हे नाव फारसं माहीत नाही. आजीला विचारलं तर 'कुंकू' म्हणून ती चटकन ओळखेल. अभिनेत्री नयना आपटे यांची आई, अशीही ओळख कुणी देईल. पण शांताबाईंची गोष्ट या दोन ओळखींपेक्षा बरीच मोठी आहे. आणि पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकानं ती एकदा वाचावी अशी आहे.

दुधनी ते पुणे

सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून दुधनी हे गाव आहे. तिथल्या स्टेशनमास्तरांच्या घरात शांताबाईंचा जन्म झाला. गाणं लहानपणापासूनच. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांचं शिक्षण झालं. मोठे भाऊ बाबूराव शिस्तीचे कडक. बहिणीचा गळा चांगला आहे हे त्यांनी ओळखलं आणि तिच्या गाण्याची, पुढं कामाचीही सूत्रं त्यांच्याच हातात राहिली. पुण्यात गणेशोत्सवाच्या मेळ्या-कार्यक्रमांतून ही मुलगी गाऊ लागली.

सिनेमा तेव्हा नुकताच बोलू लागला होता. भारताचा पहिला बोलपट १९३१ चा, म्हणजे अगदी कालपरवाचा. बोलपटाला बोलणारी माणसं तर हवीच होती, त्याहून जास्त गाणारी हवी होती. प्लेबॅक ही सोय अजून यायची होती. कॅमेऱ्यासमोर जो उभा राहील त्यानंच, त्याच क्षणी गायचं. भालजी पेंढारकरांनी १९३२ मध्ये 'श्यामसुंदर' केला, पुण्यातच, दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनसाठी. त्यात कृष्ण झाले शाहू मोडक आणि राधा झाल्या शांता आपटे. हा सिनेमा मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. पहिल्याच सिनेमात एवढं यश मिळालं आणि मग बोलावणं आलं ते 'प्रभात'कडून.

प्रभात नावाची 'कंपनी'

प्रभातची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. एरंडवण्यात तिनं उभारलेला स्टुडिओ त्या काळी थक्क करणारा होता. भलंमोठं शूटिंगचं दालन, स्वतःची लॅब, सुतारकाम, कपडेपट, संगीत विभाग, सगळं एकाच कुंपणाच्या आत. आजच्या भाषेत सांगायचं तर एक अख्खं कॅम्पस.

आणि हे कॅम्पस कारखान्यासारखंच चालायचं. सुताराला जसा महिन्याचा पगार, तसाच नटाला आणि गायकालाही. आजच्यासारखं एकेका सिनेमाचं मानधन ठरवण्याची पद्धत रुळायची होती. वर्षा-वर्षांचे करार व्हायचे. कोणता सिनेमा करायचा, कोणती भूमिका कुणाला द्यायची, हे कंपनी ठरवणार. करार असेपर्यंत बाहेर काम करायचं नाही. दुर्गा खोटे यांच्यासारखी एखादीच, जी प्रभातमध्ये गाजल्यावर कलकत्त्याला जाऊन 'सीता' करून आली आणि पुन्हा प्रभातमध्ये कामाला उभी राहिली. बाकीच्यांसाठी नियम म्हणजे नियम.

या व्यवस्थेत फायदेही होते, ते नाकारून चालणार नाही. पगार वेळेवर मिळायचा, तालमीला वेळ मिळायचा, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे संगीतकार त्याच आवारात भेटायचे. प्रभातला सगळे एक कुटुंब मानायचे, परिवार म्हणायचे. भागीदार म्हणजे घरातले वडीलधारे आणि बाकीची मंडळी घरची लेकरं. ऐकायला छान वाटतं. फक्त एक अडचण होती. घरात वडिलांशी पगारावरून भांडता येत नाही.

तीन वर्षांत स्टार

प्रभातमध्ये शांताबाईंचा पहिला सिनेमा 'अमृतमंथन', साल १९३४. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तो निघाला. बळी देण्याच्या प्रथेवरचा हा सिनेमा राजगुरूच्या डोळ्याच्या भल्यामोठ्या क्लोजअपसाठी आजही फिल्मच्या वर्गात दाखवतात. हिंदी 'अमृतमंथन' मुंबईत पंचवीस आठवड्यांच्या पुढं गेला. मग १९३६ चा 'अमरज्योती'. त्यात दुर्गाबाई समुद्री चाच्यांची म्होरकी आणि शांताबाई राजकन्या नंदिनी. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचला.

शांताबाईंचं वेगळेपण काय होतं? त्या काळचे गाणारे नट बहुतेक एका जागी उभे राहून गायचे. मायक्रोफोन जवळ, वाद्यं जवळ, हललं की आवाज गेला. शिवाय संगीत नाटकातून आलेली सवय म्हणजे समोर बघायचं आणि गायचं. शांताबाई गाताना डोळ्यांनी बोलायच्या, मान वळवायच्या, हातवारे करायच्या. गाणं आलं की अभिनय थांबला, असं त्यांच्याकडे व्हायचं नाही. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, कारण तेव्हापासून सगळेच असं करत आले आहेत. तेव्हा ते नवं होतं.

नीरा

आणि मग १९३७ मध्ये आला 'कुंकू'. हिंदीत 'दुनिया न माने'. दिग्दर्शक शांताराम. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतलेला होता. नीरा ही तरुण अनाथ मुलगी. तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी तिचं लग्न लावून दिलं जातं. तो काळ जरठ-बाला विवाहांचा. अशा गोष्टीत मुलगी रडते, विहीर जवळ करते किंवा नशीब म्हणून संसार करते, असा अंदाज प्रेक्षकांनी बांधलेला असणार. नीरा यातलं काहीच करत नाही. ती त्या घरात राहते, पण नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. नवऱ्याचा वयात आलेला मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्यालाही चोप देते. नवरा झालेले केशवराव दाते आणि नीरा यांच्यातलं हे थंड युद्ध दोन तास बघत राहावं असं आहे.

या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही. दृश्यात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. भिंतीवरचं जुनं घड्याळ तर जणू एक पात्रच आहे. नीरा यात चक्क लॉन्गफेलो या अमेरिकी कवीची इंग्रजी कविताही गाते. तिला पाठिंबा देणारी सावत्र मुलगी, वयानं नीराहून मोठी, ती भूमिका केली केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या शकुंतला परांजपे यांनी. त्या पुढं कुटुंबनियोजनाच्या कामासाठी ओळखल्या गेल्या. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या. शेवट इथं सांगत नाही. सिनेमा युट्यूबवर सापडतो, बघा.

'कुंकू'नं शांताबाईंना घराघरांत नेलं. त्यानंतर १९३८ मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या 'गोपाळकृष्ण'मध्ये त्या पुन्हा राधा झाल्या, कृष्ण होते छोटे राम मराठे. यश चढत्या क्रमानं चाललं होतं. आणि इथंच गाडी थांबली. 'गोपाळकृष्ण'नंतर प्रभातच्या पडद्यावर शांता आपटे दिसल्याच नाहीत. १९३९ चा प्रभातचा मोठा सिनेमा 'माणूस', त्याच्या नायिका होत्या शांता हुबळीकर.

जुलै १९३९

करार आणि पगार यांवरून शांताबाई आणि कंपनी यांच्यात वाद पेटला. १९३९ च्या जुलैमध्ये त्यांनी जे केलं ते भारतीय सिनेमात तोवर कुणी केलेलं ऐकिवात नव्हतं. त्या प्रभातच्या गेटवर जाऊन बसल्या आणि उपोषण सुरू केलं.

हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. जिचं पोस्टर गावोगावच्या थिएटरवर लागलेलं, ती हिरॉईन आपल्याच स्टुडिओच्या दारात उपाशी बसली आहे. आत शूटिंगला जाणारे तंत्रज्ञ, सुतार, सहकलाकार तिच्या समोरून जात आहेत.

उपोषण हे हत्यार त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. १९३२ मध्ये याच पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी केलेलं उपोषण आणि त्यातून झालेला पुणे करार लोकांच्या आठवणीत ताजा होता. १९३९ च्याच मार्चमध्ये राजकोटला गांधीजी पुन्हा उपोषणाला बसले होते. दुसऱ्या बाजूला मुंबईत गिरणी कामगारांचं राजकारण तापलेलं होतं. औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत मोठा संप झाला, त्यात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले होते. कामगार, मालक, हक्क, संप हे शब्द रोजच्या पेपरात होते. शांताबाईंनी एवढंच केलं, की हे शब्द सिनेमाच्या झगमगाटात आणून ठेवले.

भोसरी, चाकण, पिंपरीच्या कंपन्यांत ज्यांच्या घरातलं कुणी काम करतं, त्यांना गेट मीटिंग म्हणजे काय हे सांगायला नको. मशीनवर माणूस कंपनीचा असतो. गेटवर तो स्वतःचा असतो. म्हणून भांडण नेहमी गेटवर येतं. शांताबाईंनी पत्र लिहिलं असतं, वकील गाठला असता, तर तो स्टुडिओचा घरगुती मामला राहिला असता. गेटवर बसल्यामुळं तो नोकरदार आणि कंपनीचा मामला झाला. मला वाटतं त्यांच्या त्या कृतीचा खरा अर्थ हाच आहे. हे कुटुंब आहे, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिलं, की ही नोकरी आहे, आणि नोकरीत दोन्ही बाजूंना हक्क असतात.

अर्थात सगळ्यांना हे पटलं नाही. बाईमाणसानं असा रस्त्यावर तमाशा करावा का, हे प्रसिद्धीसाठी चाललंय का, ही कुजबूज तेव्हाही झालीच असणार. आजही होते. उपोषण फार दिवस चाललं नाही. पण त्याची चर्चा वर्तमानपत्रांत आणि सिनेमासिकांत झाली, आणि शांताबाई प्रभातमधून बाहेर पडल्या त्या कायमच्या.

हॉलिवूडमध्येही तेच

गंमत बघा, याच काळात सातासमुद्रापार हॉलिवूडमध्ये हेच नाटक चालू होतं. तिथंही नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर. वर्षानुवर्षांचे करार, भूमिका नाकारली तर बिनपगारी निलंबन. १९३६ मध्ये बेटी डेव्हिसनं वॉर्नर ब्रदर्सच्या करारातून सुटायचा प्रयत्न केला. इंग्लंडच्या कोर्टात खटला चालला आणि ती हरली. पुढं ऑलिव्हिया डी हॅविलँडनं त्याच कंपनीला कोर्टात खेचलं. निलंबनाचे महिने करारात जोडून कंपनी तो लांबवत न्यायची, त्याला तिचा आक्षेप होता. ती जिंकली. १९४४ च्या त्या निकालानं कॅलिफोर्नियात ठरलं, की कॅलेंडरची सात वर्षं झाली की करार संपला. त्या नियमाला आजही तिच्या नावानं ओळखतात.

शांताबाईंचं उपोषण नेमकं या दोन खटल्यांच्या मधलं. त्यांच्या नावानं कुठला कायदा झाला नाही. त्यांनी दुसरंच काहीतरी केलं. त्यांनी पुस्तक लिहिलं.

'जाऊ मी सिनेमात?'

१९४० मध्ये त्यांचं हे पुस्तक आलं. नावावरून वाटेल, की सिनेमात कसं जावं, ऑडिशन कशी द्यावी, याचं मार्गदर्शन असेल. प्रश्न तोच आहे, पण उत्तर वेगळं. सिनेमाच्या मोहात पडलेल्या तरुण मुलामुलींना शांताबाई सांगतात, की हा धंदा आहे, त्यामागं भांडवल आहे, आणि कलावंत हा त्या यंत्राला जुंपलेला कामगार आहे. बाहेरून झगमगाट दिसतो, आत माणसाची पिळवणूक होते. शरीर थकतं, मन थकतं आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

लक्षात घ्या, हे लिहिणारी बाई नापास होऊन परत आलेली नव्हती. ती यशाच्या शिखरावरून बोलत होती. आणि ती गप्पागोष्टी, आठवणी, कोण कुणाशी कसं वागलं असलं मीठमसाल्याचं काही विकत नव्हती. तेव्हा सिनेनट्यांकडून लोकांना किस्से हवे असायचे, आजही तेच हवे असतात. शांताबाईंनी व्यवस्थेबद्दल लिहिलं. एखादा स्टुडिओ वाईट, एखादा मालक वाईट, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. चित्रपट अभ्यासक आज हे पुस्तक भारतीय सिनेमातल्या श्रमांबद्दलचं महत्त्वाचं लेखन म्हणून वाचतात. मास कॉमच्या आमच्या पिढीनंही ते वाचायला हवं.

किंमत

इथंच गोष्ट संपवली असती तर ती छान प्रेरणादायी झाली असती. पण पुढचंही सांगायला हवं.

प्रभात सोडल्यावर शांताबाई देशभर फिरल्या. १९४१ मध्ये त्यांनी तमिळ 'सावित्री' केला. त्यासाठी तमिळ शिकल्या. त्यात नारदाच्या भूमिकेत होत्या साक्षात एम. एस. सुब्बलक्ष्मी. १९४२ मध्ये लाहोरच्या पांचोली स्टुडिओचा 'जमींदार' केला, संगीतकार गुलाम हैदर. त्याच वर्षी देवकी बोस यांचा 'अपना घर'. मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' १९४६ चा, त्यात त्यांच्याबरोबर गायली तेव्हा नवखी असलेली लता मंगेशकर. भालजींच्या 'वाल्मीकी'त पृथ्वीराज कपूर आणि राज कपूर यांच्यासोबत त्या दिसल्या. १९४८ च्या मराठी 'भाग्यरेखा'त पु. ल. देशपांडे होते. आजच्या शब्दांत सांगायचं तर ही फ्रीलान्स कारकीर्द. पुणे, मद्रास, लाहोर, मुंबई, जिथं काम तिथं.

काम मिळत होतं, नावही होतं. पण दुसरी नीरा मिळाली नाही. एक चांगली भूमिका मागं पटकथा, तालीम, संगीत, कॅमेरा, वेळ असं बरंच काही मागते. प्रभातमध्ये ते सगळं एका कुंपणात होतं. बाहेर ते जमवावं लागायचं. म्हणजे जिथं त्यांची कला सर्वांत फुलली तीच जागा त्यांना सोडावी लागली. आणि काळही बदलला. प्लेबॅक रुजलं, चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा चालू लागला. स्वतः गाणाऱ्या नटीची गरजच उरली नाही. पन्नाशीच्या दशकात त्यांचे सिनेमे कमी होत गेले. २४ फेब्रुवारी १९६४ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग तो गेटवरचा निर्णय चुकला का? मला तसं वाटत नाही. चांगलं काम देणारी कंपनी आपल्याशी बरोबरच वागते, असं नसतं. आणि आपल्याशी बरोबर वागा, असं म्हटल्यावर चांगलं काम हातचं जाऊ शकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. शांताबाईंनी ही किंमत मोजली. ती मोजायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. पण किंमत असते हे आधी माहीत असलेलं बरं.

ते गेट आज

स्टुडिओ पद्धत पुढं स्वतःच्या ओझ्यानं कोसळली. शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल उभारलं. पन्नाशीच्या दशकात प्रभात बंद झाली. १९६० मध्ये त्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे आपलं एफटीआयआय. प्रभातच्या आठवणी जपणारं संग्रहालय तिथं आहे. आणि २०१५ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी संस्थेच्या अध्यक्षपदावरच्या नेमणुकीविरुद्ध १३९ दिवस संप केला, तेव्हा काही जण उपोषणालाही बसले होते. त्यांच्या आधी ७६ वर्षं याच जागी एक हिरॉईन बसली होती.

कधी लॉ कॉलेज रस्त्यावर गेलात तर तिथं क्षणभर थांबा. तिथं शांताबाईंच्या नावाची पाटी शोधत बसण्यापेक्षा एक सोपं काम करा. घरी येऊन 'कुंकू' बघा. आणि तुमच्या हातात पहिलं ऑफर लेटर पडेल तेव्हा घाईघाईत सही करण्याआधी ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. बारीक अक्षरातलं सुद्धा.